मापटं कुणाचं?

दोस्तांनो, ‘कशावरून?’ या आपल्या सदराकडे दोन प्रकारची पत्रं येतात. काही पत्रं नुसतं ‘का?’ विचारतात. आकाश निळं का, बेडूक पावसाळ्यातच का ओरडतात, वगैरे. पण काही पत्रं सदराच्या नावाला जागतात. ‘हे खरं कशावरून?’ असं रोखठोक विचारतात. अशी पत्रं आली की आम्हांला आनंदही जास्त होतो आणि कामही जास्त पडतं!

या आठवड्याचं पत्र असंच आहे. ते आलंय लोणावळ्याजवळच्या औंढ्याहून. लिहिणारी मुलगी आठवीत आहे. ती लिहिते :

‘‘काका, आमच्या भूगोलाच्या बाईंनी सांगितलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड दरवर्षी थोडा थोडा वाढतोय. आता तो दहा लाख भागांत सव्वाचारशे भाग झालाय. मी घरी येऊन हे सांगितलं, तर आजोबा हसले. म्हणाले, ‘भात मोजायला बसलं की आधी मापटं कुणाचं ते बघतात. हवा मोजली म्हणतेस, पण मापटं कुणाचं?’ मला काही उत्तर देता आलं नाही. तुम्ही सांगाल का?’’

वा, आजोबा! अगदी वर्मावर बोट ठेवलंत. हाच प्रश्न जगभरचे हवा मोजणारे शास्त्रज्ञ रोज स्वतःला विचारत असतात. आणि त्याचं उत्तर देता यावं म्हणून ते काय काय खटपटी करतात, ते ऐकलंत तर तुम्ही थक्क व्हाल.

मापाचं माप

शहरातल्या वाचकांसाठी आधी सांगून टाकतो. मापटं म्हणजे अर्धा शेर धान्य मावेल असं भांडं. दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली. किलोचे काटे आले, तरी जुन्या घरांत धान्याच्या कणगीजवळ मापटं अजूनही सापडतं.

आता समजा, मापटं हातातून पडलं आणि त्याला पोचा आला. मोजणारा माणूस प्रामाणिक आहे. त्यानं एकेक मापटं नीट मोजून टाकलं. तरीही हिशेब चुकणारच! कारण खोट माणसात नाही, मापट्यात आहे. ‘मापात पाप’ म्हणतात ना, ते हे असं. फरक इतकाच, की इथं पाप कुणी मुद्दाम केलेलं नाही.

म्हणूनच वजनं-मापं तपासायची पद्धत आली. दुकानातलं एखादं जुनं लोखंडी वजन उलटं करून पाहा. खालच्या खाचेत शिसं भरलेलं असतं आणि त्यावर शिक्के मारलेले असतात. तो तपासणीचा शिक्का. निरीक्षक दुकानदाराचं वजन आपल्याजवळच्या वजनाशी ताडून पाहतात. निरीक्षकांचं वजन त्याहून बिनचूक वजनाशी ताडतात. अशी ही साखळी चढत चढत नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. तिथं प्लॅटिनम आणि इरिडियम या धातूंचा एक किलोग्रॅम जपून ठेवलाय. त्याचा क्रमांक ५७. पॅरिसजवळच्या मूळ किलोग्रॅमचा तो जुळा भाऊ.

पण थांबा. त्या मूळ किलोग्रॅमचीही एक गंमत झाली. १८८९ साली तो जगाचं माप म्हणून मान्य झाला. त्याला काचेच्या हंड्यांखाली, तिजोरीत ठेवलं. शंभरेक वर्षांनी त्याची त्याच्या जुळ्या भावंडांशी तुलना केली, तर सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक दिसला. भावंडं जड झाली की मूळ किलोग्रॅम हलका झाला? सांगता येईना! कारण ठरवायला दुसरं मापच नव्हतं. शेवटी २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या ठोकळ्यावरून काढून निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्याला जोडली.

बघा हं, तिजोरीतला धातूचा ठोकळासुद्धा बदलला असल्याची शंका येते. मग ज्याचं मापटं चक्क हवेचंच आहे, त्यांनी काय करायचं?

दहा लाख दाणे

आधी मोजायचं किती बारीक आहे ते पाहू. तांदळाच्या हजार दाण्यांचं वजन साधारण २० ग्रॅम धरा. म्हणजे दहा लाख दाणे सुमारे २० किलोंचे झाले. एक लहानसं पोतं. हे पोतं म्हणजे आपली हवा. त्यात बहुतेक दाणे नायट्रोजनचे आणि ऑक्सिजनचे. कार्बन डायऑक्साइडचे दाणे आपण काळे रंगवले, तर ते किती? अख्ख्या पोत्यात फक्त सव्वाचारशे. जेमतेम दोन चहाचे चमचे!

अमेरिकेतले शास्त्रज्ञ चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च १९५८मध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर ही मोजणी सुरू केली. तेव्हा पोत्यात सुमारे ३१५ काळे दाणे होते. २०२४ सालची तिथली सरासरी ४२५च्या जवळ आली. आता दरवर्षी अडीचेक दाण्यांची भर पडतेय.

दहा लाखांत अडीच! एवढी वाढ ओळखायची, तर मोजणी त्याहून पुष्कळ बारीक हवी. म्हणून जागतिक हवामान संघटनेनं एक मर्यादा आखून दिलीय. उत्तर गोलार्धातल्या दोन प्रयोगशाळांनी एकच हवा मोजली, तर त्यांच्या उत्तरांत ०.१पेक्षा जास्त फरक नसावा. म्हणजे दहा पोत्यांत मिळून एका दाण्याची चूक चालेल. त्यापुढं नाही.

आता आजोबांचा प्रश्न किती मोलाचा आहे ते कळेल. समजा, मापटंच दरवर्षी अर्ध्या दाण्यानं बदलत गेलं. दहा वर्षांत पाच दाण्यांचा फरक पडला. म्हणजे दोन वर्षांची वाढ एक तर खोटीच दिसली किंवा खरी असून लपून राहिली. जंगलांनी किती कार्बन डायऑक्साइड शोषला, समुद्रानं किती घेतला, हे हिशेब तर जागोजागच्या हवेतल्या एखाद-दुसऱ्या दाण्याच्या फरकावर उभे असतात. मापटं हललं की सगळाच हिशेब हलला.

गोव्याची हवा, गडावरची हवा

ही हवा कुठं गोळा करतात? लोणावळ्याजवळच्या एक्स्प्रेसवेच्या कडेला बाटली धरून चालणार नाही. तिथं मोजला जाईल तो गाड्यांचा धूर. लांबून वाहत येणारी, चांगली मिसळलेली हवा हवी असते. म्हणून समुद्रकाठची टोकं किंवा डोंगरमाथे निवडतात.

गोव्यात काणकोण तालुक्यात अरबी समुद्रात घुसलेल्या एका कड्यावर काब द राम नावाचा किल्ला आहे. तिथं १९९३ ते २००२ या काळात ठरावीक दिवसांनी काचेच्या बाटल्यांमध्ये हवा भरत असत. या कामात अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा, गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि ऑस्ट्रेलियाची सीएसआयआरओ ही संस्था सहभागी होत्या. भरलेल्या बाटल्या कुठं जायच्या माहीत आहे? थेट ऑस्ट्रेलियात, मेलबर्नजवळच्या आस्पेंडेलच्या प्रयोगशाळेत!

गोव्याची हवा मोजायला एवढ्या लांब कशाला? कारण ‘मापटं’ एक हवं होतं. हीच प्रयोगशाळा टास्मानियातल्या केप ग्रिमची हवाही मोजत होती. तिथली मोजणी १९७६ पासूनची. एकाच मापट्यानं दोन्ही हवा मोजल्या, की दोन ठिकाणच्या आकड्यांतला फरक खरोखर हवेचा आहे, मापट्याचा नाही, असं छातीठोकपणे म्हणता येतं.

आणि फरक दिसलाही. पावसाळ्यात काब द रामला वारा येतो तो समुद्रावरून, पार दक्षिण गोलार्धाकडून. त्यात काळे दाणे कमी. हिवाळ्यात वारा फिरतो, जमिनीवरून समुद्राकडे वाहू लागतो. माणसांची, चुलींची, कारखान्यांची हवा घेऊन येतो. दाणे जास्त. ज्येष्ठात घाट चढून मावळात घुसणारा ओला वारा आणि पौषातला पूर्वेचा कोरडा वारा, दोघांचा स्वभाव वेगळा हे औंढ्याच्या आजोबांना सांगायला नको. बाटल्यांनी तेच आकड्यांत सांगितलं.

आपल्या पुणे जिल्ह्यातही असं ठिकाण आहे बरं का! पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं, म्हणजे आयआयटीएमनं, २००९ साली सिंहगडावर हवेचे नमुने घ्यायला सुरुवात केली. ज्या गडावर आपण पिठलं-भाकरी खायला जातो, तिथली हवा बाटलीत बंद होऊन प्रयोगशाळेत गेली.

ओळखीची हवा, अनोळखी हवा

बाटली प्रयोगशाळेत आली. पुढं काय? एक पद्धत अशी : हवा एका नळीत घ्यायची आणि तिच्यातून अवरक्त किरण सोडायचे. कार्बन डायऑक्साइड हे किरण शोषतो. दाणे जास्त, तर पलीकडे किरण कमी. दुसऱ्या पद्धतीत हवेतले वायू एकमेकांपासून सुटे करून मोजतात.

पण कोणतंही यंत्र घ्या, त्याला आपणहून ‘४२५’ असं म्हणता येत नाही. ते फक्त एक खूण देतं. ती खूण सकाळी एक, दुपारी खोली तापली की दुसरी. मग कसं करायचं? सोपी युक्ती आहे. जिच्यात किती दाणे आहेत हे पक्कं ठाऊक आहे अशी ओळखीची हवा आधी यंत्राला द्यायची. मग आपली अनोळखी हवा. मग पुन्हा ओळखीची. दोन ओळखीच्या मुलांच्या मध्ये नवा मुलगा उभा केला, की त्याची उंची चटकन कळते ना, तसंच!

ही ओळखीची हवा म्हणजेच शास्त्रज्ञांचं मापटं. तिला संदर्भ-वायू म्हणतात. ती असते मोठ्या टाकीत. अमेरिकेतल्या बोल्डर गावच्या नोआ या संस्थेची प्रयोगशाळा जगभरासाठी अशा टाक्या तयार करते. कार्बन डायऑक्साइडच्या मापाची मध्यवर्ती जबाबदारी जागतिक हवामान संघटनेनं १९९५ पासून तिच्यावर सोपवलीय. त्याआधी ती कीलिंग यांच्या स्क्रिप्स संस्थेकडे होती. रॉकी पर्वतातल्या नायवॉट रिज नावाच्या उंच जागेवरची स्वच्छ हवा पंपानं दाबून टाकीत भरतात. सुमारे ३० लिटरच्या टाकीत, बाहेरच्या हवेच्या जवळजवळ १४० पट दाबानं! आपल्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत दुसरी रीत आहे. रिकामी टाकी अतिशय बारीक काट्यावर तोलायची, एक वायू भरून पुन्हा तोलायची, दुसरा भरून पुन्हा तोलायची. वजनांवरून मिश्रणाचा हिशेब निघतो.

बंद टाकीतले चोर

आता तुम्ही म्हणाल, टाकी एकदा भरली, झडप घट्ट लावली, मग काळजी कसली? आतली हवा जाणार कुठं?

इथंच तर खरी गोष्ट सुरू होते. बंद टाकीतही हवेचं प्रमाण बदलू शकतं. चोर घरातच असतात!

पहिला चोर म्हणजे टाकीची भिंत. डोळ्यांना गुळगुळीत दिसते, पण तिच्या अंगाला कार्बन डायऑक्साइडचे थोडे रेणू चिकटून बसतात. टाकी भरलेली असते तेव्हा ते गपगार बसलेले असतात. हवा वापरून वापरून दाब उतरला, की ते भिंतीवरून सुटतात आणि उरलेल्या हवेत मिसळतात. उरलेली हवा थोडी, त्यामुळं एवढ्याशा भरीनंही प्रमाण वाढतं. म्हणजे टाकीच्या सुरुवातीची हवा आणि तळाची हवा सारखी नाही! म्हणून नियम असा, की दाब २० पटींच्या आसपास आला, की ती टाकी मापटं म्हणून वापरायची नाही. हवा शिल्लक असली तरी नाही. घरात गॅसची टाकी संपेपर्यंत आपण हलवून हलवून वापरतो. तसला काटकसरीपणा इथं चालत नाही.

दुसरा चोर पाणी. हवेत ओलावा राहिला, तर पाण्याचे रेणू भिंतीवर जागा पटकावतात आणि तिथं बसलेल्या कार्बन डायऑक्साइडला हुसकावतात. गर्दीच्या एसटीत नवा प्रवासी घुसला की आधीचा जागेवरून उठतो, तसं. म्हणून भरण्याआधी हवा कडकडीत कोरडी करतात. एरवी मापाच्या बाबतीत पोलाद चांगलं वाटेल, पण कार्बन डायऑक्साइडच्या मापासाठी बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनियमच्या टाक्या पसंत करतात, कारण त्यांची आतली भिंत या बाबतीत जास्त भरवशाची ठरलीय.

तिसरा चोर टाकीच्या बाहेर बसलेला असतो : रेग्युलेटर आणि नळी. फुगा रात्री टम्म असतो आणि सकाळी सुकतो. गाठ सुटलेली नसते. हवा रबरातून झिरपलेली असते. रबर आणि काही प्लास्टिकं कार्बन डायऑक्साइड शोषूनही घेतात. म्हणून इथं धातूच्या नळ्या लागतात. शिवाय रेग्युलेटरमध्ये अडकून राहिलेली शिळी हवा आधी सोडून द्यावी लागते. पहिला घोट फेकायचा, मग मोजायचं.

चौथा चोर तापमान. टाकीची एक बाजू गरम आणि दुसरी थंड राहिली, तर जड आणि हलके रेणू किंचित वेगवेगळ्या बाजूंना सरकतात. हा फरक फार बारीक असतो. पण हवेतला ऑक्सिजन मोजणाऱ्यांना तोही छळतो. म्हणून ते टाक्या आडव्या ठेवतात आणि भोवती उष्णता अडवणारी पेटी करतात.

शिवाय प्रत्येक वायूचा स्वभाव निराळा. कार्बन मोनॉक्साइडची मापं टाकीत नुसती पडून असताना वर्षागणिक चढत जातात. त्यांच्यावर तर सतत नजर ठेवावी लागते आणि नव्या मापांशी ताडून पाहावं लागतं.

थंडीत पकडलेला वायू

आता पुन्हा आजोबांचा प्रश्न. टाकीत किती दाणे आहेत हे ‘पक्कं ठाऊक’ कसं? ते कुणी मोजलं?

इथंही वजनासारखीच साखळी आहे. प्रयोगशाळेत रोज वापरतात त्या टाक्या वरच्या दर्जाच्या टाक्यांशी ताडलेल्या असतात. त्या आणखी वरच्यांशी. सगळ्यात वर बोल्डरला १५ टाक्यांचं एक कुटुंब आहे. ही मूळ मापं. त्यांतली हवा फार जपून वापरतात, कारण काढली की संपली.

आणि या पंधरा जणांना कोण मोजतं? त्यांच्यासाठी यंत्रावर विसंबत नाहीत. ठरावीक आकारमानाच्या काचेच्या भांड्यात हवा घेतात. तिचं तापमान आणि दाब मोजतात. मग ती द्रवरूप नायट्रोजननं थंड केलेल्या नळीतून नेतात. उणे १९६ अंश! त्या थंडीत कार्बन डायऑक्साइडचा बर्फ होऊन तो नळीत अडकतो. नायट्रोजन-ऑक्सिजन पुढं निघून जातात. अडकलेला वायू पुन्हा ऊब देऊन एका छोट्या भांड्यात सोडतात आणि त्याचा दाब मोजतात. दाब, आकारमान आणि तापमान या तिघांवरून उत्तर मिळतं. म्हणजे हे मापटं शेवटी दुसऱ्या कुठल्या हवेवर नाही, तर मीटरपट्टी, तापमापक आणि दाबमापक यांवर उभं आहे. त्यातही एक पाहुणा फुकट येतो. नायट्रस ऑक्साइड हा वायूही त्याच थंडीत गोठतो. तो वेगळा मोजून वजा करावा लागतो.

ही मोजणी वेळोवेळी पुन्हा करतात. शिवाय पंधरा जणांची आपसांत तुलना चालूच असते. चौदा एका बाजूला आणि एक दुसरीकडे सरकताना दिसला, तर बिघडलेला कोण हे लगेच कळतं. एकच मापटं असतं तर कधी कळलंच नसतं. किलोग्रॅमची गोष्ट आठवली ना?

आणखी एक युक्ती पाहा. बऱ्याच प्रयोगशाळा एक टाकी मोजपट्टी म्हणून न वापरता नुसती बाजूला ठेवतात. मधूनमधून तिची हवा ‘अनोळखी’ म्हणून यंत्राला द्यायची. आज उत्तर आलं तेच पुढच्या महिन्यात, पुढच्या वर्षी येतंय का? येत नसेल तर कुठंतरी गडबड आहे! वर्गातल्या मॉनिटरवर नजर ठेवणारा गुपचूप मॉनिटरच म्हणा ना.

आणि जगभरच्या प्रयोगशाळांची मिळून एक परीक्षाही होते. काही टाक्या भरतात आणि एका देशातून दुसऱ्या देशात फिरवतात. आत किती दाणे आहेत ते मोजणाऱ्यांना सांगत नाहीत. प्रत्येकानं मोजायचं, उत्तर पाठवायचं. शेवटी सगळ्यांची उत्तरं शेजारी शेजारी मांडतात. कॉपी करायची सोयच नाही!

चूक सापडली तर?

इतकं करूनही चूक होते का? होते. आणि ती लपवत नाहीत, हे महत्त्वाचं.

कीलिंग यांच्या सुरुवातीच्या संदर्भ-टाक्यांमध्ये कार्बन डायऑक्साइड होता, पण तो नुसत्या नायट्रोजनमध्ये मिसळलेला होता. नेहमीच्या हवेत मात्र ऑक्सिजनही असतो. नंतर लक्षात आलं, की सोबतचा वायू बदलला की अवरक्त किरणांचं यंत्र थोडं वेगळं उत्तर देतं. फरक चक्क काही दाण्यांचा होता. मग काय, सगळी मेहनत पाण्यात गेली? नाही. कुठल्या दिवशी कुठली टाकी वापरली, यंत्रानं काय खूण दिली, हे सगळं वह्यांमध्ये टिपलेलं होतं. त्यामुळं जुने आकडे मागं जाऊन दुरुस्त करता आले. पुढं मापंही खऱ्या हवेत मिसळूनच बनवू लागले.

दुसरी गोष्ट अगदी अलीकडची. बोल्डरच्या शास्त्रज्ञांना आढळलं, की त्या थंडीच्या मोजणीतच यंत्राच्या काही भागांत थोडासा कार्बन डायऑक्साइड शोषला जातोय. म्हणजे चोर प्रत्यक्ष न्यायाधीशाच्या घरात! त्यांनी हिशेब पुन्हा मांडला आणि २०२१ पासून सुधारित मोजपट्टी वापरात आणली. ४००च्या आसपासचे आकडे ०.१८नं वर गेले. दहा पोत्यांत दोन दाण्यांहूनही कमी. एवढ्यासाठी त्यांनी मागच्या कित्येक वर्षांचे आकडे पुन्हा मांडले.

तर औंढ्याच्या मैत्रिणी, आजोबांना असं सांग : हे मापटं एकट्या कुणाचं नाही. ते एका माणसाच्या घरात असतं, तर त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागला असता. इथं प्रत्येक मापट्याला दुसरं मापटं तपासतं. त्याला तिसरं. अमेरिकेतला माणूस ऑस्ट्रेलियातल्याची चूक काढतो आणि तोही याची काढतो. मापटं कधीच बिघडत नाही असा दावा कुणीही करत नाही. बिघडलं तर कळावं, आणि कळल्यावर जुना हिशेब सुधारता यावा, एवढीच ही सगळी खटपट. ‘सव्वाचारशे’ या आकड्यावर भरवसा ठेवायचा तो या खटपटीमुळं. आणि हेही सांग, की बाईंनी सांगितलेलं ऐकून ‘मापटं कुणाचं?’ असं विचारणारा माणूस विज्ञानाचा विरोधक नसतो. तो विज्ञानाचंच काम करत असतो!

करून पाहा

१. वर्गात एक टोक न केलेली नवी पेन्सिल घ्या. सात-आठ जणांनी आपापल्या मोजपट्टीनं तिची लांबी मिलिमीटरपर्यंत मोजायची. उत्तर चिठ्ठीवर लिहून घडी घालायची, कुणाला दाखवायचं नाही. शेवटी सगळ्या चिठ्ठ्या उघडा. उत्तरं सारखी आली का? नसतील, तर मोजपट्ट्या एकमेकींना चिकटवून ताडून पाहा. कुणाच्या पट्टीचं टोक झिजलंय? शाळेच्या प्रयोगशाळेत पोलादी पट्टी असेल तर शेवटचा न्याय तिच्याकडून घ्या. तारीख आणि कुणाची पट्टी ते वहीत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा करा.

२. एक काचेची आणि एक प्लास्टिकची बाटली घ्या. दोन्हींत हिंगाचं पाणी भरून एक दिवस ठेवा. मग दोन्ही सारख्याच पाण्यानं, सारख्याच वेळा विसळा. साधं पाणी भरून झाकण लावा. दुसऱ्या दिवशी उघडून वास घ्या. (पाणी पिऊ नका, झाडाला घाला.) कुठल्या बाटलीच्या भिंतीनं हिंग धरून ठेवला होता?

काय आढळलं ते आम्हांला नक्की कळवा. आणि हो, नुसतं उत्तर लिहू नका. कशावरून, तेही लिहा!